चमकणारी पेशी म्हणजे चालू झालेलं जनुक नव्हे

सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या भ्रूणांची हिरवी चित्रं (जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून काढलेली) सगळीकडे फिरतात, आणि सोबत हा दावाही: ‘जी पेशी चमकते तिच्यात ते जनुक चालू झालं आहे, म्हणून एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची प्रत) मोजला की प्रथिनांचा नकाशा मिळतो.’ पहिल्या काही विभागण्यांपुरता हा दावा चूक आहे.

‘जनुक चालू झालं’ हेच आधी पाहू. एकपेशीय भ्रूणात लिप्यंतरण, म्हणजे जनुकावरून एमआरएनए बनणं, जवळजवळ बंद असतं. ते चार पेशींच्या सुमाराला सुरू होतं, तेही कायिक (शरीर बनवणाऱ्या) पेशींत. जननवंशाच्या (पुढे अंडी-शुक्राणू देणाऱ्या) पी पेशींत पीआयई-१ हे प्रथिन ते पुढेही दाबून धरतं. म्हणजे सुरुवातीला दिसणारी प्रथिनं आईने अंड्यात भरलेल्या एमआरएनए-प्रथिनांच्या साठ्यातली असतात.

‘एमआरएनए तिथे प्रथिन’ हा भाग तर त्याहून कच्चा. चारपेशीय भ्रूणात जीएलपी-१ या प्रथिनाचा एमआरएनए चारही पेशींत असतो, पण प्रथिन फक्त पुढच्या एबीए आणि एबीपी पेशींत. पीएएल-१चं उलट: एमआरएनए सर्वत्र, प्रथिन मागच्या ईएमएस आणि पी२मध्ये, कारण पुढच्या बाजूला एमईएक्स-३ हे प्रथिन त्याचं भाषांतर, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनणं, रोखतं. एमईएक्स-३ काढून टाकलं की पीएएल-१ पुढेही दिसू लागतं. ही सूचना लिहिलेली असते एमआरएनएच्या ३′ यूटीआरमध्ये, म्हणजे प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या शेपटीत. १९९४ साली जीएलपी-१चा ३′ यूटीआर एका परक्या रिपोर्टर (कुठे वाचला गेला ते दाखवून देणाऱ्या) आरएनएला जोडून पाहिला, तर तोही पुढच्याच पेशींत वाचला गेला.

प्रथिनांच्या काही मांडण्यांना तर नवं प्रथिन बनण्याचीही गरज नसते. एकपेशीय भ्रूणात पीएआर-३ पुढे आणि पीएआर-२ मागे जातं, ते आधीच असलेल्या रेणूंच्या स्थलांतरातून.

चमकीवरही डोळे मिटून विश्वास नको. चमकणाऱ्या रिपोर्टरला तपासायच्या जनुकाचा स्वतःचा ३′ यूटीआर नसून टीबीबी-२ या दुसऱ्याच जनुकाचा सोयीचा जोडला असेल, तर भाषांतराचा लगाम सुटतो आणि चित्र खोटं पडतं. शिवाय जीएफपी घडी घालून चमकायला वेळ घेतं, आणि इथे एकेक विभागणी पंधरा-वीस मिनिटांत उरकते. क्षणिक प्रथिन त्यात हुकतं.

म्हणून अँटिबॉडीनेही (नेमक्या त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूनेही) तपासावं. पॉलीलायसिन (भ्रूण चिकटवून धरणारा लेप) लावलेल्या काचपट्टीवर भ्रूण ठेवून वर कव्हरस्लिप ठेवा, कोरड्या बर्फावर पूर्ण गोठवा, ब्लेडने कव्हरस्लिप झटक्यात उडवा आणि पट्टी लगेच −२० अंशांच्या मिथेनॉलमध्ये बुडवा. कव्हरस्लिप उडवण्याआधी ती वितळली तर कवच तडकत नाही, अँटिबॉडी आत जात नाही, आणि न रंगलेलं भ्रूण ‘प्रथिन नाही’ असं वाचलं जातं. त्याच पट्टीवर ट्युब्युलिन हे प्रत्येक पेशीत असणारं प्रथिनही रंगवा. ते ज्या भ्रूणात दिसत नाही, ते मोजू नका.