अठराशेचा रेनकोट आणि अळवावरचं पाणी

परवा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या स्टँडवर मी रेनकोट घालून भिजलो. न घालता भिजलो असतो तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

शेजारी अळूच्या जुड्या मांडून एक आजी बसली होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं.

"काय रं बाळा, आतबी पाऊस पडूलाय व्हय?"

मी नुसते दात दाखवले.

"कितीला घेतलास?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. पण "अठराशे" तोंडातून गेलंच.

"अठराऽऽशे!" जांबोटीच्या बसची वाट बघणारे झाडून सगळे वळले. आजीने एक पान उचललं, पागोळीखाली ओंजळ धरली आणि पाणी पानावर ओतलं. पारा सांडावा तसे थेंब गडगडत खाली. पान कोरडं ठणठणीत.

"धा रुपयाला जुडी. वर वडी करून खाता येतंय. तुजा कोट खाता येतोय काय?"

एक कॉलेजचा पोरगा मोबाइल काढून म्हणाला, "आजी, परत एकदा, नीट आलं नाही." आजीने परत केलं. तिसऱ्यांदा पाणी माझ्या खांद्यावर ओतलं, तुलनेसाठी. ते आत गेलं. लोकांनी मान डोलावली.

रात्री चिडून वाचत बसलो. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब त्या टोकांवरच टेकतो, खाली हवा अडकलेली. पाण्याचे कण एकमेकांना असे धरून असतात की थेंब पसरण्यापेक्षा गोळा होणं पसंत करतो, आणि घरंगळताना धूळ, बुरशीचे बीजाणूसुद्धा घेऊन जातो. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात पान कुजायचं नसेल तर हे हवंच. १९९७ साली बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानाचं हेच गुपित सविस्तर मांडलं. आजी तेव्हाही अळूच विकत असणार. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

माझ्या शर्टाची बाही मात्र कोटाबाहेर बोटभर डोकावत होती. तिथून पाणी सुताला धरून कोपरापर्यंत चढलं. पाण्याच्या ज्या चिकटपणावर झाडं मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत ओढतात, तोच. झाडांचं ठीक आहे, मला शेंड्याला पाणी नको होतं.

बस आली. कंडक्टर कानडीत "लगू बर्री, लगू बर्री", म्हणजे लवकर या, असं ओरडत होता, पण मी बसायला गेलो तर, "सीट ओली व्हतंय, हुबं ऱ्हावा." आजी खिडकीशी ऐसपैस. तिला कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत प्रवास फुकट, मला पूर्ण तिकीट, तेही उभ्याने. मला हे अजून पटलेलं नाही.

लाजेखातर दोन जुड्या घेतल्या होत्या. घरी वड्या झाल्या, पण चिंच घालायला मीच विसरलो. गुरांनी खाऊ नये म्हणून अळूने पानात सुईसारखे स्फटिक भरून ठेवलेले असतात. ते माझ्या घशात रुतले.

दुसऱ्या दिवशी कोट घेऊन दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "कोट वॉटरप्रूफच आहे हो. पाऊस जास्त आहे."

यावर चांगली दहा मिनिटं भांडायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं आणि खोकलाच आला. त्याने मला पाणी दिलं.