लाइव्ह सीडीची सिस्टिम रॅममध्ये नसते, सीडीवरच असते

जुना कॉम्प्युटर वाचवायच्या युक्त्यांमध्ये एक दावा हमखास फिरतो: लाइव्ह सीडी (म्हणजे हार्डडिस्कवर काही न बसवता थेट सीडीवरून चालू होणारी सिस्टिम) लावली की अख्खी लिनक्स रॅमडिस्कमध्ये, म्हणजे डिस्कसारख्या वापरलेल्या रॅममध्ये चढते, म्हणून ती हार्डडिस्कपेक्षा वेगाने चालते, सीडी काढून ठेवता येते आणि मशीनवर मागमूस राहत नाही.

आधी ‘अख्खी चढते’ हे बघू. क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्स या लाइव्ह लिनक्सच्या ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबीचा ऐवज दाबून बसवलेला असायचा. तेव्हाच्या २५६ एमबी रॅमच्या मशीनमध्ये तो मावणार कुठे? मशीन सुरू होताना चालणारा बूटलोडर रॅममध्ये नेतो तो फक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि एक छोटं गाठोडं. त्याचं नाव पूर्वी इनिटआरडी, आता इनिटरॅमएफएस. या गाठोड्याचं काम वाटाड्याचं. सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर चढवायचा, सीडीवरची स्क्वॅशएफएस फाइल (सगळी सिस्टिम दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी) शोधून माउंट करायची, म्हणजे वापरासाठी जोडायची, तिच्यावर टीएमपीएफएसचा, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिमचा थर अंथरायचा आणि सूत्रं खऱ्या सिस्टिमकडे देऊन बाजूला व्हायचं. वाचन सीडीवरून, लिखाण रॅममध्ये. पटत नसेल तर ड्राइव्हचं बटण दाबून पाहा. ट्रे ढिम्म हलत नाही, कारण डिस्क माउंट असेपर्यंत कर्नलने दार अडवून धरलेलं असतं.

वरचा थरही अमर्याद नाही. टीएमपीएफएस मुळात निम्मी रॅमच घेतो. जागा करायला कुणी नको ते प्रोग्रॅम काढतं, तरी जागा काही वाढत नाही! सीडीवरून खोडता येत नाही, म्हणून वरच्या थरावर ‘ही फाइल नाही असं समजा’ एवढीच खूण पडते.

वेगाचं म्हणाल तर सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. ५२एक्सचा ड्राइव्हही जेमतेम ७.८ एमबी देतो, तेही डिस्कच्या बाहेरच्या कडेला. ब्राउझर पहिल्यांदा उघडताना जी घरघर ऐकू येते ती उगाच नाही. दुसऱ्यांदा तो पटकन उघडतो ते पेज कॅशमुळे, म्हणजे एकदा वाचलेलं कर्नल मोकळ्या रॅममध्ये जपून ठेवतो म्हणून. श्रेय मात्र रॅमडिस्क खाऊन जाते.

दावा खरा ठरतो तो एकाच वाटेने. डेबियनच्या लाइव्ह सीडीला बूट होताना ‘टोरॅम’ हा पर्याय दिला, किंवा पपी लिनक्ससारखी छोटी सिस्टिम पुरेशा रॅमवर चालवली, तर सगळं खरंच रॅममध्ये जातं. मग सीडी काढा खुशाल. पण ७०० एमबी कॉपी व्हायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढी रॅम कायमची अडते. १ जीबीच्या मशीनवर हा सौदा मला तरी परवडत नाही.

राहिला मागमूस. हार्डडिस्कवर स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) असेल तर काही लाइव्ह सिस्टिम ते न विचारता वापरतात, म्हणजे रॅममधल्या मजकुराचे तुकडे तिथे उतरू शकतात. नीट बंद न झालेलं एक्स्ट३ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) पार्टिशन ‘फक्त वाचायला’ माउंट केलं तरी जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, आधी पूर्ण केलं जातं, आणि तेवढ्यापुरतं डिस्कवर लिहिलं जातंच.