घड्याळ म्हणतं, मी लॉकर रूममध्ये होतो

परळला राहणाऱ्याने पळावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पळायचंच असेल तर जीपीएसचं घड्याळ लावून पळू नये, असं माझं ठाम मत झालंय. पळण्याने फार तर गुडघे जातात. घड्याळाने झोप, मैत्री आणि सोसायटीतली पत, तिन्ही जातं.

पहाटे मी गेटबाहेर डावा हात आभाळाकडे करून उभा असतो. दूधवाला आता विचारायचाही थांबलाय. घड्याळ उपग्रह शोधत असतं. निदान चार सापडल्याशिवाय त्याचं भागत नाही; तीन जागा ठरवायला आणि चौथा त्याच्या स्वतःच्या वेळेतली चूक काढायला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर. तिथून निघालेला सिग्नल परळपर्यंत सुखरूप येतो, घोळ होतो तो शेवटच्या दोनशे मीटरांत. दिल्लीहून विमान दोन तासांत येतं आणि एअरपोर्टवरून घरी यायला तेवढाच वेळ लागतो, त्यातलाच हा प्रकार.

गिरण्या होत्या तेव्हा नुसत्या चिमण्या होत्या. एक सडपातळ चिमणी सिग्नलला अडवून अडवून किती अडवणार? आता त्याच जमिनीवर काचेचे टॉवर आहेत. सिग्नल आधी समोरच्या काचेवर आपटतो आणि मग माझ्या मनगटावर येतो. तेवढ्या उशिरामुळे घड्याळाला वाटतं, उपग्रहच लांब गेला. मग ते मला उचलून भलतीकडे ठेवतं. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटर! सेनापती बापट मार्गावर मी नाकासमोर पळालो होतो. नकाशात मात्र मी एका बँकेत शिरलो, बहुधा लॉकर रूममधून गेलो, रेल्वेचे रूळ ओलांडले आणि पुन्हा फुटपाथवर हजर झालो. त्या किलोमीटरची वेळ २ मिनिटं ८ सेकंद. एक हजार मीटरचा जागतिक विक्रम केनियाच्या नोआ एन्गेनी यांचा, १९९९ सालचा, २ मिनिटं ११.९६ सेकंद. तो मी लोअर परळला, मासळीच्या टेम्पोला वाट देत देत मोडला.

बायकोला विक्रमाचं काही नाही. तिने नकाशा मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "सकाळी सकाळी या बिल्डिंगमध्ये कोणाकडे गेला होतास? दोनदा आत-बाहेर केलेलं दिसतंय."

वरळी सी फेसला जरा बरं. निदान समुद्राकडचं आभाळ मोकळं, त्यामुळे घड्याळही शहाण्यासारखं वागतं. पण रविवारी आम्ही पाच जण तिथे बरोबर पळतो आणि चहाच्या टपरीवर पाच वेगवेगळी अंतरं निघतात. ज्याचं सर्वांत जास्त, त्याचं घड्याळ चांगलं, यावर मात्र एकमत होतं. एकाने दोन फ्रीक्वेन्सींचं घड्याळ घेतलंय. थेट आलेला सिग्नल कोणता आणि भिंतीवरून आलेला कोणता, हे त्याला बरंच ओळखता येतं म्हणे. त्याची रेघ इतकी सुबक येते की तो वडापावच्या गाडीशी किती वेळ रेंगाळला, तेही दिसतं. हल्ली तो घड्याळ घरी विसरतो.

जानेवारीतल्या मॅरेथॉननंतर तर विचारू नका. असे कोर्स सायकलवरून, वळणावळणाला जवळात जवळची वाट धरून मोजतात, वर अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे, ढोलताशांकडे आणि ओळखीच्या चेहऱ्यांकडे वळत वळत जातो. त्यात घड्याळाची स्वतःची भर. ४२.१९५ झाले म्हणून मनगट थरथरतं आणि फिनिशची कमान अजून पार पुढे. मग प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, "यंदा कोर्स लांब होता."

आणि एवढं सगळं माहीत असून दहा म्हणजे दहाच हवेत. ९.८८ वर थांबलेला माणूस अपलोड कसा करणार? ग्रुपवर लोक विचारतात, बरं नाही का? म्हणून मी सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या खांबांमधून, मनगटाकडे बघत गोल गोल पळत होतो. वॉचमन बॅटरी घेऊन मागे आला.

"साहेब, काही हरवलंय का?"

"एकशेवीस मीटर."

त्याने बॅटरी गाड्यांखाली मारून पाहिली. "सकाळच्या ड्युटीवाल्याला सांगून ठेवतो," म्हणाला.