४५ अंशांचा भाला: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. भालाफेकीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून फेकलं की कमाल पल्ला, म्हणजे सर्वात जास्त अंतर, मिळतो हे सूत्रानेच सिद्ध आहे, मग भाल्यासाठी ३५ अंश लिहून मुलांची दिशाभूल का करायची, हा पहिला. ‘धावण्याचा सगळा वेग भाल्यात उतरतो’ हे माझं वाक्य ऊर्जेच्या हिशेबात बसत नाही, हा दुसरा. आणि १९८६ चा भाल्यातला बदल नियमांचा विषय आहे, भौतिकशास्त्राचा नाही, हा तिसरा.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचंच बरोबर आहे. ८५ किलोचा खेळाडू सेकंदाला ६ मीटरने धावत आला तर त्याची गतिज ऊर्जा १५३० ज्यूल होते. ८०० ग्रॅमचा भाला सेकंदाला ३० मीटरने सुटला तर त्याच्याकडे असतात ३६० ज्यूल, म्हणजे पाव हिस्साही नाही. शिवाय त्यातली बरीच ऊर्जा खांद्याच्या आणि धडाच्या स्नायूंनी ऐनवेळी घातलेली असते. उजव्या हाताने फेकणारा डावा पाय ताठ रोवतो, कंबर अडते, धड पुढे झेपावतं, मग खांदा, कोपर, मनगट. वेग खालून वर चढत जातो, पण वाटेत पुष्कळ सांडतो. भाला सुटल्यावर नीरज चोप्रा पुष्कळदा पुढे हातांवर कोसळतो ना, उरलेली ऊर्जा तिथे दिसते. ते वाक्य मी आज बदललं आहे. आभार.

४५ अंशांबाबत मात्र माघार घेणार नाही. तुमचं सूत्र अचूक आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: कोन कोणताही घेतला तरी वेग तोच राहतो. तोफेच्या गोळ्याचं तसं होत असेल, माणसाच्या खांद्याचं होत नाही. धावण्याचा वेग जमिनीला समांतर असतो, आणि हात जितका वरच्या दिशेने ओढावा तितकी छाती-खांद्याची ताकद कमी पडते. समजा, ३५ अंशांना सेकंदाला ३० मीटर वेग मिळतो आणि ४५ अंशांचा हट्ट धरल्यावर तो २८ वर येतो. हात सुटतो ती उंची दोन मीटर धरा आणि हवा तूर्त विसरा. पहिला भाला सुमारे ८९ मीटरवर पडतो, दुसरा ८२ वर. कोन ‘बरोबर’ करायला गेलो आणि सात मीटर घालवले! पल्ला वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून आहे, ४५ च्या आसपास कोन थोडा बदलला तर मात्र पल्ला फारसा बदलत नाही. भाला जमिनीपेक्षा उंचावरून सुटतो म्हणून कोन कमी लागतो, असं कारण पुष्कळजण देतात. त्याने ४५ चे जेमतेम ४४.४ होतात, दहा अंशांचा फरक पडत नाही.

तुम्ही फोटोचा दाखला दिलात, त्यात भाला ४० अंशांहून जास्त उभा दिसतो. पण फोटोत दिसतो तो भाल्याचा कल. तो कुठल्या दिशेने निघाला आहे, हे एका फोटोवरून कळत नाही. हे दोन कोन वेगळे असतात, आणि मैदानावर घोळ होतो तो इथेच. मुलं टोक वर करतात, हात मात्र पुढेच ओढतात, मग हवा भाल्याच्या पोटावर आदळते आणि तो मध्येच फडफडून मरतो. कोपर दुखावतं ते वेगळंच. तो लेख मी याचसाठी लिहिला होता.

तिसरा मुद्दा. २० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली, आणि मैदानं अपुरी पडणार हे दिसलं. भाले आडवे पडत, टोक आधी टेकलं की नाही यावर वाद होत, ते निराळंच. उपाय काय केला? वजन तेच, ८०० ग्रॅम. मुख्य म्हणजे गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. हवेचा जोर जणू एका बिंदूवर, दाबकेंद्रावर लागतो. तो गुरुत्वमध्याच्या मागे राहिला की शेपूट उचललं जातं आणि टोक खाली वळतं. चार सेंटिमीटरांनी भाल्याचं तरंगणं तुटलं आणि तो टोकावर पडू लागला. १९९६ मध्ये जर्मनीत येना इथे चेक खेळाडू यान झेलेझ्नीने नव्या भाल्याने ९८.४८ मीटर गाठले, तो विश्वविक्रम होनच्या फेकीपेक्षा सहा मीटरांहून जास्त मागे आहे. सर, नियम माणसांनी केला हे खरं, पण टोक खाली वळवलं ते हवेच्या आघूर्णाने, म्हणजे फिरवणाऱ्या जोराने. वर्गात आघूर्ण शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

एक विनंती. मुलांना मैदानावर नेऊन क्रिकेटचा चेंडू आधी मनासारखा आणि मग मुद्दाम ४५ अंशांना फेकायला सांगा, बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. दोन्हींचे वेग मोजून आले की आकडे इथेच लिहा, मी लेखाखाली जोडतो.