पट्ट्याला झटका दिल्याने कुत्र्याचे भुंकणे का सुटत नाही

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. फिरायला नेल्यावर दुसरे कुत्रे दिसताच जो कुत्रा भुंकतो, कण्हतो किंवा केकाटतो, तो स्वतःला टोळीचा म्होरक्या समजत असतो. म्हणून त्याच्या पट्ट्याला जोराचा झटका द्यावा, अशा वेळी खाऊ मुळीच देऊ नये आणि त्याला इतर कुत्र्यांच्या अगदी जवळ नेऊन उभे करावे, म्हणजे सवय होईल, असे त्यात सांगितलेले असते. या सल्ल्याचा एकही भाग टिकणारा नाही, आणि त्याचा त्रास मात्र आधीच घाबरलेल्या जनावराला होतो.

म्होरक्याची कल्पना लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणांवर लिहिले, तर लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना लोकप्रिय केली. पुढे १९९९ साली स्वतः मेक यांनीच कॅनडातील मोकळ्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून दाखवून दिले की, जंगलातील टोळी म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, सत्तेसाठी झगडणारा जमाव नव्हे. शिवाय समोरच्या कुत्र्याला पाहून होणाऱ्या भुंकण्याचा मालकावरील वर्चस्वाशी काय संबंध, हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा या आवाजामागे भीती असते. काही कुत्र्यांच्या बाबतीत दुसऱ्याला भेटायची ओढ आणि पट्ट्याने घातलेली अडवणूक यांतून आलेला वैताग असतो.

झटक्याचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. कुत्रा एकापाठोपाठ घडणाऱ्या गोष्टींची सांगड घालतो. दुसरे कुत्रे दिसले की मान दुखते, असे वारंवार घडले, तर त्याच्या मनात दोष त्या कुत्र्यावर जातो आणि भीती वाढते. कधी कधी तो खरोखरच गप्प होतो, आणि मालकाला उपाय लागू पडल्यासारखे वाटते. पण गुरगुरण्याची पूर्वसूचना दाबली गेली आणि भीती तशीच राहिली, तर पुढचा प्रसंग थेट चाव्यावर जाण्याचा धोका असतो. पोर्तुगालमधील ९२ पाळीव कुत्र्यांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेवर अधिक भर देणाऱ्या प्रशिक्षण शाळांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले.

खाऊ दिल्याने भुंकण्याला बक्षीस मिळते, ही शंका प्रामाणिक आहे, पण भीती ही हिशेबाने केलेली कृती नसते. दुसरे कुत्रे दिसले की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा मिळतो, हे जुळत गेले की त्या दृश्याचा अर्थच हळूहळू बदलतो. क्रम मात्र पाळावा : आधी कुत्रे दिसावे, मग तुकडा यावा. उलट केले, तर खाऊच धोक्याची सूचना ठरू शकतो.

हे साधते ते अंतरामुळे, आणि म्हणूनच जवळ नेऊन उभे करण्याचा सल्ला घातक आहे. ज्या अंतरावर आपला कुत्रा दुसऱ्याला पाहतो, तरीही खातो आणि आपल्याकडे वळू शकतो, तेथूनच सुरुवात करावी. अंग ताठरणे, ओठ चाटणे, नजर खिळणे आणि नेहमीचा आवडता खाऊ नाकारणे ही आपण फार जवळ आल्याची चिन्हे आहेत. अंतर कित्येक दिवसांत थोडे थोडे कमी करावे, आणि एखादा दिवस बिघडला तर निःसंकोच पुन्हा वाढवावे.

आपल्याकडे गल्लीतील मोकळी कुत्री स्वतःहून अंगावर येतात, त्यामुळे हे अंतर नेहमी आपल्या हातात राहत नाही, हे खरे आहे. म्हणून वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी, उभ्या गाडीचा आडोसा घ्यावा, पट्टा शक्य तितका सैल ठेवून शांतपणे वळावे आणि गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. आजवर शांत असलेला कुत्रा अचानक असा भुंकू लागला, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्यांकडे न्यावे, कारण सांध्यांच्या किंवा कानाच्या दुखण्यानेही कुत्रा इतरांना जवळ येऊ देत नाही.