छत उघडायच्या आधी डिकी उघडा

जुन्या गाड्यांवरच्या एका लेखात लिहिलंय की १० लाखांच्या आसपास जुनी कन्वर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी मिळते, फक्त किती किलोमीटर चाललीय ते बघा. अहो किलोमीटर नंतर, आधी छत बघा की वो! आमच्या बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते ठाऊक आहे ना. माझ्या मावसभावानं गोव्याहून २००५ ची बीएमडब्ल्यू झेड-४ आणली, चोर्ला घाटातनं छत उघडं टाकून मिरवत आला आणि पहिल्याच पावसाळ्यात छत अर्ध्यावर अडकलं. त्या मॉडेलात छताची हायड्रॉलिक मोटर खाली कोपऱ्यात असते, पाणी जायची भोकं पाल्यानं तुंबली की मोटरच पाण्यात बसते, मग ती काढायची म्हणजे मजुरीच इतकी की बोलू नका. म्हणून घेताना तांब्याभर पाणी छताच्या कडेला ओतायचं, खालनं टपकलं तर ठीक. छत थंड गाडीवर दोनदा उघडबंद करायचं, डिकीतलं कार्पेट उचलून ओलीचा वास येतो का बघायचं.

आणि जीए पासिंग, म्हणजे गोव्यात नोंदलेली गाडी स्वस्त दिसते पण तिथल्या आरटीओची एनओसी आणून केए, म्हणजे कर्नाटकाची नोंदणी करताना लाइफ टॅक्स (एकरकमी रोड टॅक्स) परत भरावा लागतो, तो किमतीत धरा. त्यापेक्षा गोव्यातलीच जुनी सॅन स्टॉर्म ही छोटी कन्वर्टिबल बघा म्हणतो मी, फायबर बॉडी, रेनोचं १.२ इंजिन, छताला मोटरच नाही. पार्टची बोंब आहे खरी, पण आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवाले काय कमी आहेत होय?