शिडी कधीतरीच लागते, म्हणूनच धड घ्या

आज सकाळी घरच्या ग्रुपवर ताईने टेलिस्कोपिक, म्हणजे नळ्या एकात एक सरकून लहान होणाऱ्या, शिड्यांच्या दोन-तीन जाहिराती टाकल्या आणि विचारलं, यातली कुठली घेऊ? लगेच उत्तरं. "सगळ्यात स्वस्त ती घे, लागते कितीशी!" डोकंच फिरलं माझं. तिथे वाद नको म्हणून इथे लिहितेय.

अहो, कधीतरीच लागते म्हणूनच ती धड हवी! रंगारी, वायरमन रोज चढतात. पाय कुठे टाकायचा, शिडी कुठे डुगडुगतेय, हे त्यांना न बघता कळतं. आपण जळमटं काढायला नाहीतर ट्यूब बदलायला चढणार, एका हातात ट्यूब, नजर छताला. सराव शून्य. अशा माणसाला शिडीनेच सांभाळून घ्यायला हवं.

माझ्या मामाची शिडी अशीच "कधीतरी लागते" म्हणून आणलेली. मधल्या एका पायरीचं लॉक एकाच बाजूला बसलं होतं, दुसऱ्या बाजूची पिन भोकात गेलीच नव्हती. लॉक लागलंय की नाही हे दाखवणारी खूणच त्या शिडीवर नव्हती, मग त्याला कळणार कसं? त्याने वजन टाकलं आणि वरचा भाग खाडकन खाली आला. पायरी धरलेली बोटं दोन पायऱ्यांच्या मध्ये सापडली. पडला नाही, पण उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर आजही पूर्ण वाकत नाही. शर्टाची बटणं तो डाव्या हाताने लावतो.

आणि लोक मला विचारतात, घडी केल्यावर पलंगाखाली जाते का! जाते हो. जागा कमी असेल तर ही शिडी सोयीची आहे, हे मलाही मान्य. पण आधी लॉक बघा. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना लॉक हवं आणि ते लागलंय हे डोळ्यांना दिसायला हवं. काहींवर लाल-हिरवी खूण असते, तशी घ्या. बंद करताना भाग सावकाश खाली येतात का, तेही बघा. मामाची शिडी बंद करतानासुद्धा धाडधाड आपटायची. तेव्हाच ती घराबाहेर काढायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

उंचीचाही घोळ असतो. जाहिरातीत कधीकधी माणसाची उंची आणि वर केलेला हात धरून आकडा छापतात. ३.८ मीटरची शिडी तिरकी टेकवली की साधारण ३.६ ते ३.७ मीटरपर्यंत पोचते, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचंच नसतं. दर ४ फूट उंचीला पाया भिंतीपासून १ फूट दूर, हा कोन पाळायचा. शिवाय खोलीच्या मधोमध लटकणाऱ्या पंख्यासाठी टेकवायची शिडी कामाचीच नाही, टेकवणार कशाला? तिथे दोन्हीकडून पाय असलेला घोडाच हवा. टेलिस्कोपिकमध्येही तसा मिळतो, जड असतो एवढंच.

ईएन १३१ हे शिड्यांचं युरोपीय मानक आहे, त्याचा सहावा भाग खास टेलिस्कोपिक शिड्यांसाठी. त्यात कमाल भार १५० किलो धरलाय, माणूस आणि हातातलं सामान मिळून. टेकवायची शिडी ३ मीटरपेक्षा लांब असेल तर खाली रुंद आडवी पट्टी हवी, म्हणजे ती कुशीवर कलंडत नाही. नुसतं "मजबूत" लिहिलेल्या डब्यावर मी विश्वास ठेवणार नाही. हो, मानकाची शिडी महाग पडते. पडू दे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. स्वस्तातली घ्या म्हणणारेही आपलेच, टेबलावर स्टूल ठेवून चढायची सवय आपल्या सगळ्याच घरांत. मामाही त्याआधी तसाच चढायचा, त्यामानाने शिडी आणली हे चांगलंच केलं त्याने. फक्त आणताना कुणी त्याला ती उघडून दाखवली नाही.

तर ताई, आणि बाकीचेही, फोटो बघून घेऊ नका. दुकानात जा, शिडी स्वतःच्या हाताने पूर्ण उघडा, प्रत्येक लॉकचा खट् आवाज ऐका, मग बंद करून बघा. ॲल्युमिनियममधून वीज जाते, म्हणून विजेच्या कामाला चढण्याआधी मेन स्विच बंद. सांध्यांत धूळ गेली की लॉक अडकतात, तेव्हा कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. आणि दुकानदार उघडून दाखवायला का-कू करत असेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा.